ताऱ्यांचं शेवटचं पान

मित्रांनो, मी वाचनाच्या गटांसाठी बनवलेलं एक जुनं अर्धगोल टेबल आहे. आतल्या पोकळीत बाई बसायच्या आणि बाहेरच्या गोलाला पाच-सहा मुलं. एवढी चांगली फळी मधेच कापायची कुणाला हौस आली, असं मला घडवताना सुतार पुटपुटला होता. तेव्हा मला त्याचा राग आला. पुढे शाळेतल्या शहाण्यांचा कारभार पाहिला आणि सुतारच शहाणा वाटू लागला.

दुसरीच्या वर्गात तीन गट होते. भराभर वाचणारे सूर्य, बरे वाचणारे चंद्र, अडखळणारे तारे. गोड नावं ठेवली की मुलांना काही कळत नाही, अशी बाईंची समजूत. पहिल्याच दिवशी ताऱ्यांमधल्या ठमीने विचारलं, "बाई, तारे म्हणजे ढ ना?" बाईंनी तिला पाणी पिऊन यायला सांगितलं.

सूर्य आधी येत. त्यांचं वाचन ऐकायला बाईंना बरं वाटे, म्हणून त्यांचा वेळ लांबे. मग चंद्र. तारे खुर्च्या सरकवून बसेपर्यंत तास संपत आलेला असे. ज्यांना वाचता येत होतं त्यांना वेळ, ज्यांना येत नव्हतं त्यांना घंटा. याला नियोजन म्हणत आणि त्याचा रंगीत तक्ता भिंतीवर मिरवत.

ताऱ्यांचं पुस्तक हरवलेल्या कोकराचं होतं. कोकरू ओढ्याकाठी ओरडू लागलं की घंटा होई. पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप. मुलं पुस्तकं फाडतात म्हणे. दुसऱ्या दिवशी, सराव हवा म्हणून, पुन्हा पहिलं पान. ठमीला एकच घोर लागला होता, कोकरू घरी पोचतं की नाही? तिने सूर्यांच्या पोपटरावाला विचारलं. त्याने ते पुस्तक केव्हाच उरकलं होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला. "आणि तिथवर पोचेपर्यंत तुमच्या गटाला मिशा फुटतील."

वाचून विसरलेला हा शहाणा वर्गाची शान होता!

ठमीला सुरुवातीची पानं पाठ झाली. ती खिडकीबाहेर बघत वाचू लागली. मोठ्या बाई पाहणीला आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि फर्मान काढलं की हिला वाचता येत नाही, उद्या नीट वाचलं नाही तर पुन्हा पहिलीत बसवा. पाठ होईपर्यंत तेच ते कुणी वाचून घेतलं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठमीने पुस्तक माझ्यावर ठेवलं आणि सरळ शेवटचं पान उघडलं.

"बाई, आधीचं मला येतं. आज हे."

एका हाताचं बोट अक्षरांखाली, दुसऱ्या हाताचं नख माझ्या कडेत रुतलेलं. एकेक अक्षर जोडत ती निघाली. मधेच घंटा झाली. बाईंनी पहिल्यांदाच पुस्तक मिटलं नाही. शेवटचा शब्द लागला तशी ठमी बाकीच्या ताऱ्यांकडे वळली.

"पोचलं रे."

ती दुसरीतच राहिली. बाईंनी ताऱ्यांना आधी बसवायला सुरुवात केली, तर पोपटरावाची आई तक्रार घेऊन आली, आमच्या हुशार मुलाचं नुकसान होतं म्हणून. मोठ्या बाईंनी लगेच मान डोलावली. तक्ता पुन्हा पूर्वीसारखा झाला, नवं चकचकीत टेबल आलं आणि मी मोडक्या खुर्च्यांसोबत मागच्या व्हरांड्यात.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या वर्गात टेबलाशी आधी कोण बसतं आणि घंटा कुणाच्या वाट्याला येते, ते पाहा. फाटलेलं पान चिकटवता येतं. कुलपातलं पान वाचता येत नाही. आणि मला कधी घासून पॉलिश करायला आलात, तर कडेवरची नखाची खूण तेवढी सोडा.