शिट्टीचं गाणं

"आणि मग मी काय केलं, बसच उभी केली!" बसड्रायव्हर माईकला दोन्ही हातांनी धरून सांगत होता, जणू ते स्टिअरिंगच होतं. "शेवटचा थांबा आला होता. पण गाणं संपायचं होतं. म्हटलं, दादांनी एवढ्या प्रेमानं लावलंय, ते अर्ध्यावर कसं तोडायचं? दार उघडलं, तर एक माणूस उतरेल तर शपथ! तेवढ्यात चेकर चढला. ‘काय रे, गाडी का खोळंबलीय?’ मी नुसतं रेडिओकडे बोट दाखवलं. तोही गपचूप टेकला!"

वाचनालयाचा हॉल खळखळून हसला. ड्रायव्हरही हसला, आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले. हात जोडून तो खाली उतरला.

पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. इथं जमलेलं कुणीच त्यांच्या नात्याचं नव्हतं, पण सगळे त्यांना वहिनीच म्हणत होते. नवरा साऱ्या गावाचा दादा, म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? रेडिओवर दुपारच्या गाण्यांचा कार्यक्रम त्यांनी इतकी वर्षं केला, की ‘दुपारचे दादा’ म्हटलं की पोरासोरांनाही कळायचं. ते गेले त्याला महिना होऊन गेला होता. ऐकणाऱ्यांनीच आपसांत ठरवून ही सभा बोलावली होती, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या.

ड्रायव्हरनंतर लाँड्रीवाली बाई उठली. दादांच्या एका विनोदापायी तिनं गिऱ्हाइकाचा नवा कोरा शर्ट इस्त्रीखाली जाळला होता. "मी घाबरत घाबरत सांगायला गेले, तर तो म्हणतो, ‘राहू द्या बाई, त्याच विनोदाला हसताना माझा चहा पँटवर सांडलाय. तीही घ्या धुवायला!’"

मग एक निवृत्त पोस्टमन बोलला. मग एक आंधळे गृहस्थ, जे खुर्च्यांना वेत विणायचे. ते म्हणाले, "दादा बोलायला लागले की वाटायचं, समोर स्टुलावर बसलेत. मी तर एकदा ‘चहा घेणार का?’ म्हणूनसुद्धा गेलो."

"वहिनी," मागून कुणीतरी विचारलं, "घरीही असेच बोलायचे का हो दादा?"

वहिनी बसल्या जागीच वळल्या. "घरी बोलायची पाळी माझी असायची. सगळं बोलणं ते तुमच्याकडे सांडून यायचे. मला फक्त ‘हं’ आणि ‘मीठ कमी आहे’."

पुन्हा हशा झाला. वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. सारा जन्म त्या इस्पितळात नर्स होत्या, दुपारची ड्यूटी त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. सगळं गाव दादांना ऐकायचं त्या वेळी त्या कुणाचा तरी ताप बघत असायच्या. आज एकेकाच्या तोंडून नवरा तुकड्यातुकड्यानं कळत होता, आणि ऐकताना बरंही वाटत होतं आणि थोडं उपाशी राहिल्यासारखंही.

शेवटी भिंतीकडच्या खुर्चीवरून एक शिवणकाम करणारी बाई उठली. माईकपाशी गेली, पण तो तिनं हातात घेतला नाही. लांबूनच बोलली.

"सगळे चांगलं बोलले. मला तसं जमायचं नाही. माझा मुलगा लहानपणीच तापानं गेला. भारी उनाड होता. सारखी शिट्टी वाजवायचा, जेवतानासुद्धा. रेडिओवर ते शिट्टीचं गाणं लागलं की मशीनखालून निघून नाचायचा. तो गेल्यावर त्याच्या वाढदिवसाला मी दादांना कळवलं, तेवढं गाणं लावा म्हणून. त्यांनी लावलं. पुढच्या वर्षी मी काहीच कळवलं नव्हतं, तरी लावलं. दरवर्षी लावायचे. म्हणायचे, ‘हे गाणं कुणासाठी, ते तिला ठाऊक आहे.’ बस, एवढंच. माझं नाव नाही, गाव नाही. त्या दिवशी मी मशीन बंद ठेवून बसायचे. वाटायचं, माझ्या पोराची आठवण ठेवणारं जगात आणखी एक माणूस आहे."

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"मग एक दिवस दादा आलेच नाहीत. दुसराच कुणीतरी बोलायला लागला. का गेले, कुठं गेले, कुणी सांगेना. मला वाटलं, त्या दिवसापुरते तरी येतील. मी रेडिओसमोर बसून राहिले. गाणं लागलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही." तिचा आवाज चिरकला. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण इतकी वर्षं आमच्या घरात येऊन बसायचं, आणि जाताना ‘येतो’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही? मोठ्या माणसांना सोपं असतं विसरणं. आम्हाला नाही जमत."

कुणीतरी "बाई, असं नका बोलू" असं पुटपुटलं. वहिनींच्या शेजारी बसलेले रेडिओ केंद्राचे साहेब ताडकन उठू लागले. त्यांना सारं माहीत होतं. वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं.

"वहिनी, अहो निदान आता तरी सांगू या," साहेब कुजबुजले.

"शब्द दिलाय मी त्यांना."

दादांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायला गळ्याला भोक राहिलं. त्यातली नळी वहिनीच साफ करायच्या. परक्यांची इतकी केली, घरच्याची करताना पहिल्या दिवशी मात्र त्यांनी तीनतीनदा हात धुतले होते. शुद्धीवर आल्यावर दादांनी पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘कुणालाही सांगायचं नाही.’ वहिनींनी समजावलं, लोक काळजी करतील, रागावतील. दादांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, ‘रागावले तर रागावू देत. कीव नको. त्यांच्या कानात माझा आवाज आहे, तो तसाच राहू दे.’ मग त्यांनी राहतं घर सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुणी ओळखीचं नसलेल्या इमारतीत बिऱ्हाड केलं. दादा बाहेर पडायचे ते गळ्याला मफलर गुंडाळून. दुकानदाराला वाटायचं, म्हातारा जन्माचा मुका आहे.

सभा संपली. चहा झाला. लोक वहिनींचे हात हातात घेऊन निरोप घेत होते. पायऱ्यांवर शिवणवाली बाई वाट बघत उभी होती.

"वहिनी, मी बोलू नये ते बोलले. जिभेला हाड नाही माझ्या. तुमचं दुःख ताजं, आणि मी आपली त्यावर—"

"बरं केलंत बोललात. बाकीचे सगळे गोडच बोलले. रागवायला माणूस जवळचा लागतो."

बाईचे डोळे भरले. वहिनींनी तिला पायरीवरच बसवलं, स्वतःही गुडघ्यावर हात टेकत शेजारी बसल्या. काय सांगावं, किती सांगावं, हे त्या मनात तोलत होत्या. दिलेला शब्द एकीकडे होता, आणि ही बाई दुसरीकडे.

"ते विसरले नव्हते," वहिनी म्हणाल्या. "तिळाएवढंसुद्धा नाही. तुमच्या मुलाचा वाढदिवस आला ना, त्या दिवशी सकाळपासून यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मला आधी कळेचना काय झालंय ते. दुपार झाली तसं कपाटातून ते गाणं शोधून काढलं आणि घरातच लावलं. मलाही शेजारी बसवलं. दोन्ही वर्षं."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमच्या घरी? माझ्या पोराचं गाणं?"

"हो."

"तुम्ही दोघांनी ऐकलं?"

"दोघांनी. शेवटपर्यंत."

वहिनींच्या डोळ्यांसमोर ती दुपार उभी राहिली. गाण्यात शिट्टीची जागा आली तसा दादांनी ओठांचा चंबू केला होता. फुंकर मारायला गेले. पण श्वास ओठांपर्यंत पोचलाच नाही, तो गळ्याच्या भोकातूनच फुस्सकन निघून गेला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला.

"काही म्हणाले का हो तेव्हा?" बाईनं विचारलं. "माझ्याबद्दल? त्याच्याबद्दल? एखादा शब्द तरी?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. एखादं छानसं वाक्य रचून सांगता आलं असतं. बाई ते जन्मभर जपून ठेवणार, हे त्यांना दिसत होतं. पण दादांच्या तोंडी न बोललेला शब्द घालायला त्यांचं मन धजेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही म्हणाले नाहीत. रडले."

"एवढा बोलका माणूस, आणि काहीच म्हणाला नाही?"

"एक शब्दसुद्धा नाही."

बाईनं स्वतःशीच मान हलवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे खरंच आतपर्यंत लागलं असेल त्यांना. नाहीतर दादा आणि गप्प बसतील?" तिनं डोळे पुसले आणि वहिनींचा हात आपल्या हातात घेतला. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं वहिनींच्या मनगटावर कितीतरी वेळ तशीच राहिली.

दोघी रस्त्यापर्यंत बरोबर चालत गेल्या. पुढच्या वाढदिवसाला मी तुमच्याकडे येऊ का, असं बाईनं विचारलं. "या की, त्यात विचारायचं काय?" म्हणून वहिनींनी पत्ता समजावून सांगितला. मग बाई आपल्या वाटेला लागली आणि वहिनी आपल्या.

घराचे जिने चढताना त्यांना धाप लागली. कुलूप काढलं, दार लोटलं, उंबऱ्याशी चपला काढता काढता सवयीनं तोंडून निघून गेलं, "आले हो."

गेली दोन वर्षं या घरात उत्तर ऐकू येत नसे. खिडकीजवळच्या खुर्चीतून एक हात वर व्हायचा, ते बघावं लागायचं.

म्हणून वहिनींनी वळून खुर्चीकडे पाहिलं.