मूठभर तांदळाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि जरा तिरसटही आहे. मित्रांनो, झाकण उघडताना करकरलो तर मनावर घेऊ नका. माझा जन्म उल्हासनगरचा. चार नंबर कॅम्पातल्या एका सिंधी पापडवाल्याने मला बनवून घेतलं आणि बारा वर्षं माझ्या पोटात पापड भरले. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचललं विठाबाईंनी. "घासला की चकाकेल," एवढंच त्या म्हणाल्या. तेवढं कौतुक मला आजही पुरतं.

विठाबाई अंबरनाथच्या लूथरन ख्रिस्ती मंडळीतल्या. मंडळी लहान, चाळीसेक घरांची, उपासना भाड्याच्या हॉलात. तिथल्या बायकांची एक रीत आहे. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी देवाच्या कामासाठी आणून द्यायचा. तो तांदूळ माझ्यात जमू लागला.

चार वर्षांपूर्वी वांगणीच्या ऋताने नोकरी सोडली आणि पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होण्याचा अभ्यास सुरू केला. "पोरगी कधी पाळक होते काय?" म्हणत बापाने तिला घराबाहेर काढलं. विठाबाईंनी तिला आपला पोटमाळा दिला आणि मला तिच्या गॅसशेजारी ठेवलं. "हा रिकामा होऊ द्यायचा नाही, हे आमचं काम. तू शीक," त्या म्हणाल्या. तेव्हा पत्र्याचा असूनही मला भरून आलं.

माझ्यात कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा, आणि तळमजल्यावरच्या रखमाताईंचा उकडा तांदूळ. रखमाताई बौद्ध. त्यांना कुणी मागितला नव्हता. त्या आपण होऊन जिना चढून आल्या. "शिकणाऱ्या पोरीला हात दिला नाही तर आमचं शिकणं फुकट गेलं," म्हणाल्या. संध्याकाळी हातात पुस्तक धरून त्याच ऋताला धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं विचारायच्या, आणि उत्तर अडखळलं की "परत म्हण" म्हणायच्या. भात मात्र कधी एकसारखा शिजला नाही. कोलम गिच्च व्हायचा, उकडा ताठ राहायचा. ऋता हसत खायची.

शेवटच्या वर्षाला मंडळीचं शिफारसपत्र लागतं. ते नसेल तर तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात. ते देणाऱ्या समितीचे प्रमुख शरदचंद्र सर, कारखान्यातले निवृत्त अधिकारी. कापणीच्या सणाला सगळ्यांच्या जेवणासाठी मला हॉलात नेलं तेव्हा सरांनी माझं झाकण उघडलं.

"हा उकडा कुणाचा?"

"रखमाताईंचा," ऋता म्हणाली.

"मंडळीबाहेरचा? उद्याच्या पाळकाने हे खायचं? आपल्याकडे काही डिसिप्लिन आहे की नाही? तेवढा निवडून बाजूला काढ. मग सही करतो."

मला चादरीवर उपडं केलं. ऋता खाली बसली आणि, खोटं कशाला सांगू, निवडू लागली. मला तिचा भयंकर राग आला. लिंबाएवढा ढीग झाला. तेवढ्यात रखमाताई दारात आल्या. जेवायला त्यांना ऋतानेच बोलावलं होतं. त्यांनी तो ढीग पाहिला आणि चपला काढता काढता थांबल्या.

ऋताचा हात थबकला. तिने तो ढीग परत मोठ्या राशीत लोटला आणि ती उभी राहिली.

"सर, देवाची कृपा फुकट मिळते, ती कुणाला कमवावी लागत नाही, हे मी याच हॉलात शिकले. तांदळाला मग ओळखपत्र कशाला? सही नको. ताई, आत या."

सगळा तांदूळ पातेल्यात गेला. विठाबाईंनी सरांच्या ताटात स्वतः वाढलं. "कडक लागला तो रखमाचा, गिच्च लागला तो तुमच्याच घरचा कोलम. निवडून खा हवं तर." हॉलभर हसू पिकलं. सर निवडू शकले नाहीत. ताट संपवलं, पण सही न करताच गेले.

पुढच्या रविवारी बायका तांदूळ घेऊन आल्या आणि मला सरांच्या टेबलावर ठेवून तो माझ्यात टाकू लागल्या. चाळीस मुठी. सरांच्या बायकोचीही. शेवटची रखमाताईंची.

"हे नियमाला धरून नाही," असं म्हणत सरांनी पेन काढलं.

"नसू दे," विठाबाई म्हणाल्या.

आता ऋताचं शेवटचं वर्ष चालू आहे. माझा तळ गंजलाय. मला रंगवून, फुलं काढून मंडळीच्या कपाटात आठवण म्हणून ठेवायचं काहींच्या मनात आहे. मित्रांनो, ते मी होऊ देणार नाही. काचेआड बसून कौतुक करून घ्यायला मी जन्मलो नाही. तळाला ठिगळ मारा, पुढच्या शिकणाऱ्याच्या गॅसशेजारी ठेवा, आणि मूठ टाकत राहा. निवडायला मात्र बसू नका. बसलात, तर झाकण उघडणार नाही.