उताराच्या तळाशी

बारा दिवस मी त्या सव्वीस म्हाताऱ्यांना एकच गोष्ट शिकवत होते: मी शिटी फुंकली की भिंतीला चिकटायचं. सगळे दक्षिणेतल्या सेव्हियाचे, पेन्शनीत निघालेले, तोंडाने तिखट. पण आपल्या स्पेनमध्ये सण बघायचा तर जीव सांभाळूनच बघावा लागतो. कातालोनियात सैतानाचं सोंग घेतलेली पोरं ठिणग्या उडवत अंगावर येतात, वालेन्सियात पायाखाली फटाके फुटतात, नवार्रात बैल, गालिसियात डोंगरातून हाकून आणलेले घोडे. वीस वर्षं मी सहली नेते, पण माझ्या बसमधल्या एकालाही साधं खरचटलेलं नाही, आणि याचा मला भारी तोरा होता.

"विसीबाई, शिटी वाजली की आता मी बायकोपासूनही लांब सरकतो," कासिमिरो नावाचे आजोबा म्हणायचे. बस हसायची.

तेरावा दिवस मी माझ्या स्वतःच्या गावासाठी राखून ठेवला होता. रिओहाच्या डोंगरातलं आमचं गाव लहान, पण त्या दिवशी माझा तेल्मो पहिल्यांदा नाचणार होता. एकोणीस वर्षांचा, माझा एकुलता एक. आमच्याकडे आठ पोरं पायांना हातभर उंचीच्या काठ्या बांधतात, पिवळे घेरदार घागरे घालतात आणि चर्चपासून गोल दगडांच्या उतारावरून भिंगरीसारखी गिरक्या घेत खाली येतात. त्यांना स्वतःहून थांबता येत नाही. खाली गाव दाटीवाटीने उभं असतं, ते पोराला छातीवर झेलतं. हे आम्ही कुणी कुणाला सांगत नाही. चालायला लागलेलं पोरही ते जाणतं.

म्हणून मीही सांगितलं नाही.

माझी मंडळी दोन तास आधी येऊन अगदी पुढे उभी राहिली. चांगली जागा मिळवून देणं हा माझा धंदाच. गावकऱ्यांनीही पाहुणे म्हणून त्यांना पुढे येऊ दिलं आणि आपण मागे सरले. मी वर तेल्मोच्या काठ्यांचे पट्टे बघायला गेले होते. बारा वेळा बघितले असतील. चिठ्ठी निघाली आणि पहिला नंबर त्याचाच आला.

परत खाली येताना माझा भाऊ एव्हेलियो भेटला. पोरांना शिकवतो तोच.

"विसे, पुढे ही कुठली वरात उभी केलीस?"

"माझीच आहेत. सेव्हियाची."

"त्यांना झेलायचं सांगितलंयस ना?"

मी काही बोलायच्या आत वर ढोल सुरू झाला.

मी गर्दीत घुसले. कोपरं मारली, एका म्हातारीची टोपी पाडली. "हलू नका," मी ओरडत होते, "झेला त्याला." ढोलात कुणाला काही ऐकू जाईना. कासिमिरोंनी मला बघून हात हलवला. मी पुढे पोचले तेव्हा तेल्मो वळणावरून सुटला होता. हातातल्या चिपळ्या कडकडत होत्या, घागरा छत्रीसारखा फुलला होता आणि त्याचा वेग माझ्या कल्पनेच्या बाहेरचा होता.

माझ्या माणसांनी अंगावर काहीतरी येताना बघितलं आणि बारा दिवस शिकवलं होतं तेच केलं. दोन्हीकडच्या भिंतींना चिकटली. मागचे गावकरी त्यांच्या रेट्याने कोपऱ्यात दाबले गेले. वाटेत मी एकटी उरले.

मी हात पसरले. देवाशपथ सांगते, मी झेलणारच होते. तो चार पावलांवर आला, आणि माझे पाय बाजूला सरकले. मी त्यांना सरकायला सांगितलं नव्हतं. पाठीला भिंत लागली तेव्हा मला कळलं.

तेल्मो मोकळ्या दगडांवर आदळला. एव्हेलियोने कुठून तरी झेप घेऊन खांदा मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. हनुवटी फुटली, घागऱ्यावर रक्त आलं. मग तो हलला.

"बाई, आमचं चुकलं का?" कासिमिरोंनी विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले, आणि काय करायचं असतं ते त्यांना तेव्हा सांगितलं. ते ऐकून एकानेही विनोद केला नाही.

प्रत्येक पोराला दोनदा उतरायचं असतं. मी तेल्मोचा दंड धरला. "आता पुरे. घरी चल."

"आई, आता नाही उतरलो तर पुन्हा कधीच उतरणार नाही."

"पण रक्त येतंय, बाळा."

"मामाने दाबून बांधलंय." तो काठ्यांवर उभा राहिला, माझ्यापेक्षा हातभर उंच. "आई, या वेळी तू मागे थांब हं."

रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाला. त्याने बघितलं होतं.

मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पुढे एव्हेलियो आणि गावचे गडी, त्यांच्यात सेव्हियाची मंडळी, हातात हात अडकवून. मला पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. ढोल वाजला. चिपळ्या सुटल्या, वळणावर आल्या, आणखी जोरात आल्या. समोरच्या अनोळखी पाठीवर मी दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटून घेतले.

मग ती सगळी गर्दी एकदम माझ्यावर रेलली. इतक्या माणसांतून गाळून आलेलं माझ्या पोराचं वजन माझ्या हातांना लागलं, आणि या वेळी मी पाय रोवून उभी होते.