टेकू कोणी लावला?

आमच्या स्वयंपाकघराच्या अगदी मधोमध एक लाकडी टेकू उभा आहे. जमिनीपासून थेट छतापर्यंत. ओट्याकडून टेबलाकडे जाताना त्याला वळसा घालावा लागतो, आणि घाईत विसरलं की झालाच कपाळमोक्ष. छताला केसाएवढी चीर पडली, म्हणून आमच्या ह्यांनी कुठून तरी एक इंजिनिअर धरून आणला होता. भरघोस दाढी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, खिशाला चार पेनं. त्याने वर बघितलं, जिभेने "च्च" केलं आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

झालं! आमचे हे गारच पडले. "आम्हाला काय कळतंय साहेब, गवंडी तसलाच होता," म्हणत हात जोडून उभे. मी म्हटलं, अहो, चीर पडलीय, घर नाही पडलं. पण माझं ऐकतंय कोण! इंजिनिअर टेकू ठोकून, फी घेऊन गेला. चीर अजून तिथेच आहे.

त्यानंतर वर्षभराने वन्संचं प्रकरण निघालं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. कोपऱ्यावर शिवणाचं दुकान, वरती राहायची खोली, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. चाळिशी उलटली तरी लग्न नाही. त्याचं खापर घरातले माझ्या डोक्यावर फोडतात, कारण आलेल्या प्रत्येक स्थळाला मी नावं ठेवली. ठेवणार नाही तर काय? एक जण तर आईला विचारून शिंकायचा!

तर वन्संच्या दुकानात एक वकील आले. गुळगुळीत चेहरा, सोनेरी काड्यांचा चष्मा, काळा कोट. कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत लोंबत होत्या, त्या आखूड करायच्या होत्या. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, कोट ढापलेला दिसतोय. वन्संना वाटलं, बिचारा वाळलाय, जेवायला घालणारं कोणी नाही. बाह्या आखूड झाल्या, तरी वकीलसाहेब रोज यायचे थांबेनात.

"वहिनी, या वेळी काही बोलू नका हं," वन्संनी माझा हात धरून सांगितलं. माझा जीव तुटला. मी तोंड शिवून बसले.

पण पुढचं तर ऐका. लग्न करून दुसऱ्या शहरी जायचं, दुकान आणि खोली विकायची, सगळे कागद वकीलसाहेबच करणार. वन्संनी फक्त सही करायची.

"किती हुशार आहेत म्हणून सांगू," वन्सं कौतुकाने म्हणाल्या. "दुकानाचे जुने कागद बघितले आणि लगेच म्हणाले, हे कोणी केलंय?"

मी कान टवकारले. "त्याआधी च्च केलं का हो त्यांनी?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

मी ह्यांना सांगायला धावले. हे म्हणाले, "तुला प्रत्येकात खोट दिसते. त्या इंजिनिअरला दाढी होती." आता या अकलेपुढे काय डोकं फोडायचं?

मग मीच गळ टाकला. म्हटलं, एवढं शुभकार्य, सही आमच्याकडेच करू, वकीलसाहेबांना जेवायलाच बोलवा. आले. स्वयंपाकघराला मध्यंतरी रंग दिला होता, आणि इतक्या घरांत हात मारलेल्या माणसाला कुठलं घर आठवतंय! मी त्यांना नेमकं टेकूसमोर बसवलं. दोनदा आग्रह करून वाढलं. जेवणं झाली, कागद निघाले, वन्संनी पेनाचं टोपण काढलं. मी पाण्याचा जग घेऊन निघाले आणि मुद्दाम टेकूवर आदळले.

"आई गं!"

वकीलसाहेबांनी मान वर केली. टेकू बघितला, छत बघितलं. गप्प बसायची धडपड मला दिसत होती हो त्यांच्या चेहऱ्यावर! पण सवय ती सवय.

"च्च. हे कोणी केलंय?"

"होता एक इंजिनिअर," मी कपाळ चोळत म्हटलं.

"इंजिनिअर कसला, गाढव असणार! चीर तिकडे आणि टेकू इकडे? असल्या माणसाला दारात उभं करू नये."

आमच्या ह्यांची सुपारी हातातच राहिली. एकटक बघत हे सावकाश म्हणाले, "पण साहेब, चीर तिकडे आहे म्हणूनच टेकू इकडे हवा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मला वाटलं, आता हा पळणार. कसला पळतोय! चष्मा सारखा करून म्हणतो, "तेव्हा मी इंजिनिअर होतो. कायद्याच्या नजरेने बघितल्यावर चूक कळते."

काय ती जीभ! मला टाळी वाजवावीशी वाटली. आणि वन्सं हसायला लागल्या. खो खो हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग हसू गेलं आणि पाणीच राहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कोट काढा," त्या म्हणाल्या. "बाह्या मी शिवल्यात."

तो नुसत्या शर्टावर गेला. कोटाच्या आत लॉन्ड्रीची चिठ्ठी टाचलेली निघाली, म्हणून ह्यांनी लॉन्ड्रीत निरोप दिला. तिथून कळलं की तो महिनाभर तिथे लॉन्ड्रीची यंत्रं तपासणारा तंत्रज्ञ होता. त्याआधी शेजारच्या गल्लीत जनावरांचा डॉक्टर. एका कुत्र्याच्या जन्मजात आखूड शेपटीकडे बघूनही त्याने तेच विचारलं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी धसक्यातच वन्संकडे गेले. वाटलं, अंथरुणात तोंड खुपसून पडल्या असतील. तर दुकान उघडं, आणि काउंटरपाशी कोटाचा खरा मालक. खराखुरा वकील, तोही चिडलेला. कोट अंगात घातलेला, बाह्या मनगटाच्या वीतभर वर.

"च्च! हे कोणी केलंय?" तो ओरडला.

मी पदर खोचून पुढे झाले, पण वन्संनी मला हाताने थांबवलं. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र नेहमीचा.

"मी केलंय," त्या म्हणाल्या. "द्या इकडे. कापड कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलंय. उसवलं की होईल पहिल्यासारखं."