भाऊबीजेचा डाव

आमच्या घरी भाऊबीजेला ओवाळणी नुसती घ्यायची नसते, जिंकायची असते. ही नारायणरावांची, म्हणजे आमच्या बाबांची अक्कल. माझा धाकटा भाऊ मयुरेश सात वर्षांचा असताना तबकात टाकायची दहाची नोट मुठीत धरून बसला, काही केल्या सोडेना. बाबा म्हणाले, "मग तीन-तीन पत्ते वाटा. ताई जिंकली तर नोट तिची."

तो पहिला डाव मी खरोखर जिंकले. पुढचे सगळे त्यानं मला जिंकू दिले. कितीही चांगले पत्ते आले तरी कपाळाला हात लावून "पॅक" म्हणायचा आणि आपले पत्ते झटकन गड्डीत मिसळून टाकायचा. एकदा मी ते ओढून पाहिले. तीन राजे! मी त्याचा कान पिरगळला आणि आत जाऊन रडले. इतकं लाडकं माणूस मला दुसरं नाही.

लग्न होऊन मी देवासला आले, शाळेत गणित शिकवू लागले. तो धारलाच राहिला, पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला. तिथं कुणीतरी त्याला पोकर शिकवलं. सुरुवातीला मलाही कौतुक होतं. समोरचा कधी थाप मारतो, कधी घाबरतो, हे तो मला फोनवर तासन्‌तास समजावायचा. "ताई, हे जुआ नाही गं, दिमाग का खेल है!" इतका रंगून बोलायचा की गॅसवरचं वरण उतू जायचं, तरी मला फोन ठेववत नसे.

मग तो रजा टाकून खेळू लागला. मग नोकरी गेली. मग त्याची बायको श्रिया माहेरी सोनकच्छला निघून गेली. परत आली ती एका अटीवर: पुन्हा पत्त्यांना हात लावला तर ती कायमची जाईल. वर्षभर त्यानं अट पाळली. औषधांच्या दुकानात मुकाट्यानं बसायचा, फोनवर माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा.

यंदा भाऊबीजेला धारला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये पत्त्यांची नवी गड्डी होती. हो, मीच नेली. शहाणी ना मी! पोकर वेगळं, आमचा डाव वेगळा, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं सांगायचं तर मला माझा जुना मयुरेश हवा होता.

औक्षण झालं. श्रिया आत पुऱ्या तळत होती. मी गड्डी पाटाजवळ ठेवली.

"नको, ताई."

"अरे, एकच. बाबांची आठवण म्हणून."

त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग पाचशेची नोट मध्ये ठेवली आणि पत्ते पिसले.

माझ्याकडे राण्यांची जोडी आली. आता तो कपाळाला हात लावेल म्हणून मी हसू दाबून बसले. त्यानं आपले पत्ते एकदाच पाहिले आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, दुकानदार तराजूचा काटा पाहतो तसा.

"शो," तो म्हणाला.

सात, आठ, नऊ. त्यानं नोट स्वतःकडे ओढली.

"राण्या होत्या ना? जोडी आली की तुझी भुवई हलते, ताई!" तो खदखदून हसला. त्याला असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. क्षणभर मला बरंच वाटलं, देवा. तोवर त्याचे हात पुन्हा पत्ते वाटू लागले होते.

श्रिया दारात उभी होती, हातात झारा.

"वन्सं, तुम्ही आणलेत?"

तिनं गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मयुरेश, पुरे. ती बॅग भरतेय." मी पत्त्यांवर हात ठेवला.

"रुको ना, ताई, बस एक." त्यानं माझा हात हळूच बाजूला केला.

मी पत्ते उचलले नाहीत. तेव्हा त्यानं माझेही उचलले आणि दोन्हीकडून एकटाच खेळू लागला.