करिश्माला आवडलेलं नाव

संचिता सावंत मानपाड्याच्या एका शाळेत नववीला गणित शिकवायची. त्या वर्षी शाळेने शनिवारचा शेवटचा तास गुंतवणूक शिकवायला ठेवला आणि तो आपसूक तिच्याच गळ्यात पडला. पुस्तक वगैरे काही नव्हतं. तिने मुलांना एक खेळ लावून दिला. प्रत्येकाकडे एक लाख खोटे रुपये. त्यांतून हवे ते शेअर घ्यायचे आणि दर शनिवारी बाजारातले खरे भाव बघून कोण कुठे आहे ते ठरवायचं.

मुलांनी मोटारींच्या, मोबाइलच्या, बिस्किटांच्या कंपन्या निवडल्या. करिश्मा मढवीने सगळे पैसे एकाच कंपनीत घातले, नीलतारा पंप्समध्ये. हे नाव वर्गात कुणी ऐकलेलंही नव्हतं. दिवाळीच्या आत त्या शेअरचा भाव दुप्पट झाला आणि एरवी कशातच वर नसणारी करिश्मा खेळात पहिली आली.

"हाच शेअर का घेतलास?" संचिताने विचारलं.

"नाव आवडलं, मॅडम."

वर्ग हसला. नशिबाने मिळालेलं आणि विचार करून मिळवलेलं यांत फरक काय, हे संचिताने त्याच उदाहरणावरून समजावलं. तास संपला आणि तिच्या लेखी विषयही संपला.

सुट्टीनंतरच्या पालकसभेला करिश्माचे वडील कमलेश आले. मढवी मूळचे इथलेच. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे होते, आणि जमिनीचे आलेले पैसे कुठे लावायचे हा घरातला रोजचा विषय होता. कमलेशनी मुलीचे मार्क विचारलेच नाहीत.

"तुमच्यामुळे पोरीला लाइन सापडली, मॅडम," ते म्हणाले. "मी नीलतारा घेतला. आमच्या नाथाकाकांनीपण घेतला. आता ती सांगते तेच आम्ही घेणार."

"ती काय सांगते?"

"पुढचा कुठला घ्यायचा ते. रोज संध्याकाळी बसतो ना सगळे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत संचिताने करिश्माला बाजूला घेतलं. मुलगी घाबरेल, रडेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मी पहिल्यांदा खरं सांगितलेलं, की मला काही कळत नाही," करिश्मा म्हणाली. "ते हसले. म्हणाले, पोर गुपित ठेवते. मग मी नावं सांगायला लागले."

"अगं, पण ते खरे पैसे लावतायत."

"माहितीये." ती म्हणाली. "मॅडम, मी बोलायला लागले की आमच्याकडे टीव्ही बंद करतात. आधी मला कोण काय विचारायचंपण नाही."

 खेळ आपण लावून दिला, आणि तो शाळेच्या फाटकाबाहेर गेला तेव्हा आपलं लक्ष नव्हतं, हे संचिताला स्पष्ट दिसलं. रविवारी ती मढवींच्या घरी गेली.

हॉलमध्ये कमलेश होते, नाथाकाका होते, आणखी दोघे भाऊबंद होते. चहा आला. संचिताने सरळ विषयाला हात घातला. करिश्माने कंपनीचा अभ्यास केलेला नाही, कुणाच्याही अंदाजावर जमिनीचे पैसे लावू नका, असं तिने सांगितलं.

"तुम्ही शिकवलं म्हणूनच तर तिला जमलं," नाथाकाका म्हणाले. "आता नको कशाला सांगता?"

"तिला जमलेलं नाही, काका. तिचं नशीब लागलं."

"असं कसं? आमची पोर हुशार हाय."

कमलेश मुलीकडे बघत होते. करिश्मा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. संचिताने तिच्याकडे मुद्दामच पाहिलं नाही.

"पप्पा, मला नाव आवडलेलं," करिश्मा म्हणाली. "नीलतारा. छान वाटलं म्हणून घेतला. बाकीचीपण अशीच सांगितली."

 मग नाथाकाकांनी उरलेला चहा संपवला, चपला घातल्या आणि ते निघून गेले. भाऊबंद त्यांच्या मागोमाग उठले. करिश्मा आत गेली ती संचिता निघेपर्यंत बाहेर आली नाही.

कमलेशनी त्याच आठवड्यात सगळे शेअर विकले. नाथाकाकांनी विकले नाहीत. आणि नीलतारा वाढतच गेला. मार्च उजाडला तरी तो थांबायचं नाव घेईना. नाथाकाकांनी त्यातले थोडे शेअर विकून गाडी बदलली, आणि ती कुठल्या पैशांत घेतली ते गावभर सांगितलं.

रिक्षा स्टँडवर कमलेश भेटले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता. "तुमचं ऐकलं, मॅडम, आणि आमचंच नुकसान झालं."

"हो, झालं खरं," संचिता म्हणाली. आणखी बरंच सांगता आलं असतं, पण त्या माणसासमोर ते शहाणपण तिला नकोसं वाटलं.

शेवटच्या शनिवारी वर्ग रिकामा झाल्यावर करिश्मा टेबलापाशी आली.

"मग मीच बरोबर होते ना, मॅडम?"

"भाव वाढणार हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग तू बरोबर नव्हतीस. भाव वाढला, एवढंच."

करिश्माने मान हलवली, पण तिला ते पुरतं पटलं होतं असं दिसलं नाही. "काल नाथाकाका परत आलेले. सगळ्यांसमोर विचारलं, पुढचा कुठला."

"मग काय सांगितलंस?"

"मला माहीत नाही म्हटलं. तीनदा विचारलं त्यांनी. मग म्हणाले, हिला आता भाव आलाय, आणि पप्पांशी बोलायला लागले."

"खरं सांगितल्यावर बरं वाटलं?"

करिश्माने थोडा विचार केला.

"नाही," ती म्हणाली, आणि दप्तर खांद्याला लावून घरी निघाली.