तीन शिट्ट्या आणि पत्र्याचं दार

एरवी मला बोलायचं झालं तर आधी कुणीतरी फुंकावं लागतं. आज कुणी फुंकलेलं नाही, तरी बोलतेय. मी एक शिट्टी आहे. नारिंगी, प्लास्टिकची, पोटात एक छोटासा गोळा आणि मागच्या कडीला काळी दोरी. जे सांगायचं आहे ते मान खाली घालून सांगण्यासारखं आहे. पण शिट्टीला मान नसते, म्हणून सरळच सांगते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या हजारो जणी होत्या. एका बाईंनी हवेच्या नळीवर धरून प्रत्येकीला वाजवून पाहिलं. माझा आवाज ऐकून मीच दचकले. एवढ्याशा पोटातून एवढं किंचाळणं निघतं, हे मला माहीत नव्हतं. ती दचकायची सवय अजून गेलेली नाही.

तिथून मी एका पिशवीत गेले. पिशवीत हेल्मेट, दोर, बॅटरी, हातमोजे, मलमपट्टीची डबी आणि मी. अशा चाळीस पिशव्या नारायणगावच्या एका कॉलेजात पोचल्या. टोमॅटोचे आडतदार धरमचंद शेठ यांनी त्या दिल्या होत्या. तिथे तीन दिवसांचं आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला सुभाष सर होते. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा.

माझ्या वाट्याला प्रतीक्षा आली. दुसऱ्या वर्षाला शिकणारी, पारगावहून जीपने येणारी. बाक सरकला तरी दचकायची. मला वाटलं, चला, आपल्या जातकुळीची भेटली. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना शिट्टी वाजवायला लावली. एकोणचाळीस शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. प्रतीक्षाने मला ओठांना लावलं आणि नुसती फूं केली.

"अगं, शिट्टी वाजवतेस का चहा निववतेस?" सर म्हणाले. सगळे हसले. तिचे कान लाल झाले. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. तेव्हापासून ती मला डोळे मिटूनच वाजवायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी आग शिकवली. आग दिसली की तीन शिट्ट्या, जरा दम घ्यायचा, पुन्हा तीन. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. प्रतीक्षाने वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी बिबट्या शिकवला. बिबट्या दिसला की तीन शिट्ट्या. ऐकणाऱ्याने पोरांना उचलायचं, घरात जायचं, दार लावायचं. तेही तिने उतरवून घेतलं, पुढच्या पानावर. ती दोन पानं समोरासमोर ठेवून कुणी वाचली नाहीत. सरांनी नाही, चाळीस पोरापोरींनी नाही, आणि मीही नाही. माझ्याच तर दोन्हीकडे तीन-तीन शिट्ट्या होत्या. मला तरी खटकायला हवं होतं.

प्रतीक्षाच्या घरापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला, ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. बांबू आणि उसाचं वाळलं पाचट, वरून निळा कागद. तोडणी सुरू झाली की उसातला बिबट्या उघड्यावर येतो, मग दिवसासुद्धा बांधावर दिसतो. आईबाप पहाटेच उसाच्या फडात तोडणीला जायचे. मागे राहायची पाच पोरं आणि त्यांना सांभाळायला कुशाबा. साठी ओलांडलेला, एका पायाने लंगडणारा म्हातारा.

प्रतीक्षा आपल्या मोठ्या भावाला, कपिलला, घेऊन कोप्यांवर गेली आणि वहीतलं तिसऱ्या दिवसाचं पान तिने जसंच्या तसं शिकवलं. कुशाबा मन लावून ऐकायचा. बांबूच्या ताटीचं दार बिबट्याला पुरणार नाही, असं तिने सांगितलं, तर त्याने कुठूनतरी पत्रा आणून मधल्या कोपीला दार बसवलं. आतून जाड तारेचे पिळे मारायची सोय केली. रोज सकाळी तो पोरांकडून सराव करून घ्यायचा. प्रतीक्षा बांधावरून मला वाजवायची. मी वाजले की पाची पोरं खिदळत आत, आणि दार बंद. चार वर्षांचा ऋषी सगळ्यात पुढे. "आपला ऋष्या तर बिबट्याच्या आधी पोचतोय," कुशाबा म्हणायचा.

दोनदा खरंच बिबट्या आला. दोनदा मी वाजले, दोनदा पोरं आत गेली. मला गर्व झाला. खोटं कशाला बोलू, लई गर्व झाला.

जानेवारीतला रविवार. अकरा वाजले असतील. प्रतीक्षा अंगणात कपडे वाळत घालत होती, मी तिच्या गळ्यात. वारा सुटला होता. कडेच्या कोपीत चूल नीट विझली नसावी. तिथून धूर निघाला आणि बघता बघता पाचटाने पेट घेतला.

कुशाबा आणि पाची पोरं तेव्हा कडुलिंबाच्या झाडाखाली होती. कोप्यांपासून चांगली वीस पावलं लांब, मोकळ्यावर. झाडाच्या बुंध्याआडून त्यांना ती कडेची कोपी दिसत नव्हती. पण ती सुखरूप होती. हे मी पुन्हा सांगते, कारण हेच मला विसरता येत नाही. कुणी काहीच केलं नसतं, तरी ती सुखरूप राहिली असती.

प्रतीक्षाने मला ओठांना लावलं. डोळे मिटले. तीन शिट्ट्या. थांबली. पुन्हा तीन. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, म्हणून पुन्हा तीन. मी कधी वाजले नव्हते इतकी चांगली वाजले.

तिने डोळे उघडले तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. एक छोटी चप्पल तेवढी पडली होती. मधल्या कोपीचं पत्र्याचं दार आतून ओढलं जात होतं. आणि वारा कडेच्या कोपीकडून मधल्या कोपीकडे वाहत होता.

तिला कळलं ते मला तिच्या श्वासातून कळलं. तिने मला तोंडातून टाकलं आणि ती धावली. मी तिच्या छातीवर आपटत होते.

"कुशाबा, बाहेर या. आग लागलीय."

आतून आवाज आला, "पोरी, आधी तू आत ये. बिबट्या कुठं हाय?"

"बिबट्या न्हाई. आग हाय, आग. दार काढा."

आता छपराला आग लागली होती. तारेचे पिळे कुशाबाने चांगले घट्ट मारले होते, शिकवलं होतं तसे. पत्रा तापत होता. आतून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, एक पिळा, दुसरा पिळा, आणि पोरांचं खोकणं. दार सुटलं तेव्हा त्याने आधी ऋषीला ढकललं, मग एकेक करून बाकीची. शेवटी तो स्वतः रांगत आला. प्रतीक्षाचे वडील, पोपटराव, विहिरीवरची मोटर चालू करून पाइप ओढत आले, तोवर कोपी बसली होती.

पाची पोरं वाचली. कुशाबाचे दोन्ही तळहात त्या पत्र्याने घेतले.

आता खरी लाजेची गोष्ट. गावात झालं, पोरीने शिट्टी वाजवली म्हणून पोरं वाचली. कॉलेजात फलक लागला. सत्काराचं ठरलं. प्रतीक्षाला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कपिलला म्हणाली, "दादा, मी वाजवली म्हणून ती आत गेली."

कपिलने तिच्याकडे पाहिलं नाही. "गप बस. पोरं हायेत ना? लोक हार घालत्यात तर घालून घे. उगं आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेती?"

ती गप्प बसली. मीही गप्प. मला तर तेच सोयीचं होतं.

सत्काराला हॉल भरला होता. पुढच्या रांगेत कुशाबा, दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या, आणि शेजारी पाच पोरं नव्या कपड्यांत. शाल झाली, श्रीफळ झालं. मग धरमचंद शेठ कौतुकाने म्हणाले, "बाळ, एकदा वाजवून दाखव की. कशी वाजवलीस त्या दिवशी?"

तिला वाजवायची नव्हती. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? तिने मला ओठांना लावलं. तीन शिट्ट्या.

पुढच्या रांगेतून पाची पोरं उठली. ऋषीने सगळ्यात धाकटीचा हात धरला. खुर्च्या ठेवायच्या बाजूच्या खोलीत पाची जणं शिरली आणि दार आतून लागलं. कडीचा आवाज मागपर्यंत ऐकू आला.

हॉलमध्ये हशा पिकला. सुभाष सर माइकवर म्हणाले, "घाबरली बिचारी." कुशाबा उठून लंगडत दाराशी गेला होता. पट्ट्या बांधलेल्या हातांनी दार ठोकता येत नव्हतं, म्हणून खांद्याने ढकलत होता. "ऋष्या, उघड रं. बिबट्या न्हाई हितं."

तेव्हाही ती गप्प बसू शकली असती. लोक हसून मोकळे झाले होते. तिने सरांच्या हातातून माइक घेतला.

"सर, ती घाबरली नाहीत. मी शिकवलं तेच त्यांनी केलं. आगीच्या दिवशीही हेच केलं. तेव्हा ती बाहेर, झाडाखाली होती. माझ्या शिट्टीने ती आत गेली. मी त्यांना वाचवलं नाही. त्यांना बाहेर काढलं ते कुशाबांनी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठांना हातातला गुच्छ कुठे ठेवावा कळेना. कपिल जमिनीकडे पाहत होता. सुभाष सर हळूच म्हणाले, "माझ्याही वहीत आगीच्या आणि बिबट्याच्या तीन शिट्ट्या दोन वेगळ्या पानांवर आहेत."

तेवढ्यात खोलीची कडी निघाली आणि ऋषी बाहेर डोकावला. कुशाबा त्याला पायाशी धरून प्रतीक्षाकडे वळला. मला वाटलं, आता तो मला पायाखाली घेईल. घ्यायलाच हवं होतं.

"पोरी, रडायचं मागनं," तो म्हणाला. "आगीला काय वाजवायचं ते आधी ठरव."

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली ठरलं. शिट्टी म्हणजे बिबट्या, आत. आगीला ताट बडवायचं, आणि ताट वाजलं की सगळ्यांनी झाडाखाली. कुशाबाला पळी धरता येईना, म्हणून ताट ऋषीने बडवलं. पत्र्याच्या दाराची तार काढून साधा आकडा लावला. सुभाष सर स्वतः आले होते, जमिनीवर बसून लिहून घेत होते.

पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि ट्रॅक्टर निघाले. ट्रॉलीवर बांबू, भांडी, त्यावर पोरं. ऋषी वरून ओरडला, "ताई, निरोपाला वाजव की."

प्रतीक्षाने मला मुठीत घेतलं. कुशाबाने हात वर केला होता. त्या हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत. "नको वाजवू," तो म्हणाला. "ती कामाची हाय."

माझ्याविषयी कुणी बोललेलं इतकं चांगलं मी आजवर ऐकलं नाही, आणि इतकं ऐकवेनासंही.

आता मी प्रतीक्षाच्या गळ्यातच असते. माझ्या एका अंगाला काजळी बसली आहे, तिने ती धुतलेली नाही. ती वस्त्यांवर शिकवायला जाते तेव्हा वही नंतर उघडते. आधी विचारते, शिट्टी वाजली तर तुम्ही काय करता? आणि ते काय सांगतात ते पूर्ण ऐकून घेते. डोळे उघडे ठेवून.

तुमच्याही घरात, शाळेत, कंपनीत माझी एखादी बहीण खुंटीला टांगलेली असेल. तिला फुंकण्याआधी एवढं एकच विचारून ठेवा, की तिचा आवाज ऐकून माणसं कुठे पळतील. आम्हाला फक्त किंचाळता येतं. कुठे जायचं ते सांगता येत नाही.

एवढं बोलले. आता पुन्हा गप्प बसते.